जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आणि अस्सल भागांची पारख

जुना कागद हातीं आला म्हणजे जाणता इतिहाससंशोधक त्यांतील मजकुराकडे एकदम धांव घेत नाहीं. कागद कोणत्या जातीचा आहे, मोडीचें वळण कोणत्या काळाचें आहे, शिक्का कोठें उमटला आहे, सन व तिथि यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो. शिवकालीन म्हणून पुढें केलेल्या पत्रांत उत्तर पेशवाईंतला एखादा शब्द आढळला, कीं त्या पत्राचा निकाल तेथेंच लागतो. राजवाडे यांच्या पिढीनें ही दृष्टि महाराष्ट्रांत रुजविली, आणि आज ती सुशिक्षित वाचकांस नवी राहिलेली नाहीं. परंतु हीच दृष्टि लोखंडाला, पितळेला आणि रंगाच्या पुटांना लावून पाहणारी एक मंडळी जगांत आहे, आणि तिचें काम इतिहासाच्या अभ्यासकांनीं मुद्दाम पाहण्यासारखें आहे. जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणारे लोक ते हे.

मोटार ही वस्तु दप्तरांत बांधून ठेवण्याची नव्हे. ती रस्त्यावर धांवते, झिजते, आदळते. तिचे भाग बदलावे लागतात, आणि बदलणारा मेकॅनिक इतिहासाचा विचार करीत बसत नाहीं. जो भाग हातीं येईल आणि बसेल तो तो बसवितो. मुंबईच्या चोरबाजारांतून आणलेला दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर कानशीनें घांसून जागेवर बसविला आणि गाडी चालूं लागली, म्हणजे मालक संतुष्ट आणि मेकॅनिकहि संतुष्ट. अशा रीतीनें पन्नास, ऐंशी, शंभर वर्षें गेल्यावर एखादा हौशी गृहस्थ ती गाडी विकत घेतो आणि म्हणतो, कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं ही जशी होती तशी मला हिला करावयाची आहे. वाक्य साधें आहे. परंतु त्या दिवशीं ती कशी होती हें सांगणारा साक्षीदार बहुधा हयात नसतो. गाडीलाच विचारावें लागतें, आणि गाडीच्या अंगावर तर निरनिराळ्या काळच्या हातांनीं आपापला मजकूर लिहून ठेवलेला असतो. त्यांतला मूळ कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल आम्ही फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' घेतों. कारण तिच्याइतकी परिचयाची आणि तिच्याइतकी चकविणारी दुसरी गाडी नाहीं. १९०८ च्या आक्टोबरपासून १९२७ च्या मे महिन्यापर्यंत या एका नांवाच्या सुमारें दीड कोटी गाड्या निघाल्या. प्रारंभीं प्रवासी बांधणीची गाडी ८५० डॉलरांस पडे. १९२५ च्या सुमारास दोन माणसांची साधी गाडी २६० डॉलरांस मिळूं लागली. एकोणीस वर्षें नांव एकच, आणि वरवर पाहणारास चेहराहि एकच. त्यामुळें सगळ्या 'टी' गाड्या सारख्या, असा समज सहज होतो. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांत इंजिनाचें पाणी खेळविण्यास पंप होता. पुढें तो काढून टाकला आणि तापलेलें पाणी आपोआप वर चढतें या तत्त्वावर काम भागविलें. विजेचे पुढचे दिवे १९१५ च्या नमुन्यापासून आले, विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय १९१९ पासून मिळूं लागली, आणि चकचकीत पितळी रेडिएटर जाऊन त्याच्या जागीं काळ्या पत्र्याचें कवच आलें तें १९१७ च्या नमुन्यावर.

हा पितळी रेडिएटर मोठा घातकी आहे. पाहणाराच्या मनांत जुनी मोटार म्हणजे पितळ, असें समीकरण बसलेलें असतें; आणि पितळेच्या काळची गाडी पुढल्या काळ्या गाडीपेक्षां अधिक भावानें विकली जाते. म्हणून विशींतल्या एखाद्या फोर्डला पितळी रेडिएटर व पितळी दिवे चढवून तिचें वय दहा वर्षांनीं वाढविण्याचे प्रकार घडत आले आहेत. अशा गाडीपुढें उभ्या राहिलेल्या जाणत्याची नजर पितळेवर खिळत नाहीं. तो मडगार्डांची गोलाई पाहतो, बॉनेटचा उतार पाहतो, इंजिनाच्या डाव्या अंगास पाण्याच्या नळीच्या वर ठोकलेला क्रमांक वाचतो आणि ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीख उठलेली असल्यास तिच्याशीं तो क्रमांक ताडून पाहतो. येथेंहि एक पेंच आहे. फोर्डच्या या गाडीचा क्रमांक म्हणजे मुळांत इंजिनाचा क्रमांक. इंजिन तयार होई तेव्हां तो ठोकला जाई. त्यामुळें इंजिन बदललें कीं गाडीचें 'जन्मवर्ष' बदलतें, मग बाकी सर्व गाडी मूळची कां असेना!

रंगाची कथा तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे. काळ्याखेरीज दुसरा रंग ग्राहकानें मागूं नये, अशा अर्थाचा हेन्री फोर्ड यांचा विनोद ज्यांनीं कधीं फोर्ड गाडी पाहिली नाहीं त्यांनाहि पाठ असतो. १९२२ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनांत ही घोषणा १९०९ सालची म्हणून सांगितली आहे. आतां १९०९ च्या गाड्यांची साक्ष काढावी, तर त्या लाल, करड्या आणि हिरव्या आहेत. नंतर कांहीं काळ गर्द निळा रंग चालला. काळा आणि फक्त काळा हा नियम १९१४ च्या सुमारास सुरू झाला, आणि १९२६ च्या नमुन्यांबरोबर रंग पुन्हा परत आले. म्हणजे धन्याचें स्वतःचें आत्मकथन एकीकडे आणि त्यानेंच बनविलेल्या वस्तु दुसरीकडे, असा हा विरोध आहे. आणि तेथें कोणावर विश्वास ठेवावा हें बखरींशीं झगडलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. तरीहि त्या एका विनोदाच्या आधारावर १९१० च्या किती तरी गाड्या काळ्या रंगांत बुडाल्या, आणि त्यांच्या खालचा हिरवा रंग खरवडून कायमचा नाहींसा झाला. काळा रंगहि एक नव्हता. फोर्डच्या जुन्या दप्तरांचा कसून अभ्यास करणाऱ्यांनीं दाखविलें आहे कीं कारखान्यांत तीसांहून अधिक प्रकारचे काळे रंग वापरले जात. चाकाला एक, आंसाला एक, बॉडीच्या पहिल्या हाताला एक आणि शेवटच्या हाताला आणखी एक. जो रंग एका भागाला बरोबर तोच दुसऱ्याला चूक.

यापुढील अडचण अधिक सूक्ष्म आहे. जीर्णोद्धार करणारा नवशिका एक प्रश्न सदैव विचारतो : 'माझ्या गाडीला बरोबर कार्ब्युरेटर कोणता?' तो एकवचनीं उत्तराची अपेक्षा करतो. परंतु फोर्डनें एकाच वर्षीं किंग्स्टन आणि हॉली या दोन कारखानदारांकडून कार्ब्युरेटर घेतले, आणि जुळणीच्या जागीं जो हाताशीं येई तो बसविला जाई. दिव्यांचें तसेंच, प्रज्वलनाच्या पेट्यांचें तसेंच, बॉडी तर बोडेट, विल्सन इत्यादि निरनिराळ्या कारखान्यांतून येत आणि त्यांच्या लांकडी सांगाड्यांतहि फरक असे. १९१४ पर्यंत इंजिनाचे व आंसाचे कित्येक भाग डॉज बंधूंच्या कारखान्यांत होत, आणि त्यांवर त्यांच्या आद्याक्षरांचा ठसा आढळतो. म्हणून फोर्ड गाडींत डॉजचा ठसा दिसला तर दचकण्याचें कारण नाहीं, उलट तो जुनेपणाचा पुरावा आहे. नवा नमुना निघाला म्हणजे जुन्या नमुन्याचा माल फेंकून देण्याइतका फोर्ड उधळा नव्हता. १९१५ सालच्या आरंभींच्या महिन्यांत जुन्या आणि नव्या दोन्ही घाटांच्या गाड्या बाहेर पडत होत्या. तेव्हां 'अमुक वर्षाची गाडी अशी' म्हणून सांगणें म्हणजे जिवंत प्रवाहाचा एक लोटा भरून ठेवण्यासारखें आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करण्याचें जें काम १९१९ त आरंभिलें आणि १९६६ त पुरें केलें, त्याची येथें आठवण होते. काश्मीरची पोथी एक सांगते, दक्षिणेची दुसरेंच सांगते. संपादक दोन्ही ताडून पाहतो, आणि जो पाठ संहितेंत घेतला नाहीं तो तळटीपेंत छापतो, जाळून टाकीत नाहीं. किंग्स्टन आणि हॉली हे पाठभेद आहेत. दोन्ही अस्सल आहेत, मात्र या विशिष्ट गाडींत मुळांत कोणता होता हें तिच्याच अंगावरील खुणांवरून ठरवावें लागतें : इंधनाची नळी कोठें वांकलेली आहे, दांडीचें भोंक कोठें पाडलेलें आहे, पत्र्यावर कशाच्या घर्षणाचा डाग आहे. ब्रूस मॅक्कॅली यांनीं फोर्डच्या दप्तरांतील आराखड्यांच्या बदलांच्या नोंदी चाळून या गाडीचा जो मोठा ग्रंथ १९९४ त प्रसिद्ध केला, त्याचें खरें मोल आम्हांस येथें वाटतें. अमुक बदल अमुक दिवशीं झाला असें सांगतांनाहि, नोंद झाली म्हणजे त्या दिवशीं गाडी बदलली असें नव्हे, याचें भान त्यांत राखलेलें आहे.

पाठभेद निराळे आणि प्रक्षिप्त भाग निराळे. प्रक्षिप्त ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे स्क्रू. ज्याच्या डोक्यावर फुलीसारखी खांच असते तो फिलिप्स पद्धतीचा स्क्रू मोटारींत प्रथम आला तो १९३६ च्या कॅडिलॅक गाडींत. त्यापूर्वींच्या कोणत्याहि अमेरिकन गाडीच्या दारांत किंवा कांचेच्या चौकटींत तो दिसला, तर ती चौकट त्यानंतर केव्हां तरी उघडली गेली आहे, याविषयीं शंका उरत नाहीं. शिवकालीन पत्रांत आलेला पेशवाई शब्द तो हाच. दुसरी खूण मुलाम्याची. क्रोमियमचा मुलामा मोटारींवर चढूं लागला तो १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तत्पूर्वीं होतें तें निकेल. निकेलच्या झळाळींत किंचित् पिवळसर ऊब असते, क्रोमियमची चमक निळसर आणि थंड असते. एकदां दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलीं कीं डोळा पुन्हा फसत नाहीं. १९२६-२७ च्या फोर्डच्या रेडिएटरवर निळसर चमक दिसली, तर मुलामा देणारानें आजच्या दुकानांतला द्राव वापरला असें समजावें. निकेल काळवंडतें, तें पुन्हा पुन्हा पुसावें लागतें, म्हणून मालक क्रोमियम मागतो. सोय त्याची, हानि गाडीची.

तिसरी खूण पूर्वीं खात्रीची होती, आतां राहिली नाहीं. फोर्ड कंपनी आपल्या भागांवर आपलें नांव वळणदार अक्षरांत उठवीत असे. बाहेरच्या कारखान्यांनीं केलेल्या स्वस्त भागांवर तें नसे. अर्थात् नांव असलेला तो अस्सल. परंतु हौशी लोकांची संख्या वाढली, तसे नवे भाग ओतणारे कारखाने निघाले, आणि त्यांतील कित्येक तें नांवहि परवान्यानें उठवूं लागले. आतां अक्षरांवरून नव्हे, तर अक्षरांच्या कडांवरून निर्णय करावा लागतो. जुन्या सांच्यांतून आलेलें अक्षर कांठाला थोडें बोथट असतें. धातूच्या पोतांत वाळूचे कण दिसतात. नवें ओतकाम फार गुळगुळीत येतें.

आतां आपल्या देशाशीं या विषयाचा जो खरा संबंध आहे तो सांगावयाचा. हिंदुस्थानांत आलेल्या जुन्या फोर्ड गाड्या बहुतांशीं डेट्रॉइटच्या नव्हत. ब्रिटन व आयर्लंड वगळतां बाकी ब्रिटिश साम्राज्यांत फोर्ड विकण्याचा हक्क १९०४ त स्थापन झालेल्या कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता, आणि तिचा कारखाना डेट्रॉइट नदीच्या पलीकडच्या तीरावर वॉकरव्हिल येथें होता. तिनेंच १९२६ त हिंदुस्थानांत आपली शाखा-कंपनी काढली, आणि पुढें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें सुट्या भागांची जुळणी होऊं लागली. नदीची रुंदी ती केवढी! परंतु गाड्यांत फरक पडला तो पडलाच. १९१३ पासून कॅनडाच्या इंजिनांचे क्रमांक निराळ्या मालिकेचे झाले आणि त्यांच्या आरंभीं 'सी' हें अक्षर आलें. आपल्याकडच्या गाड्यांचें सुकाणूचक्र उजवीकडे. अमेरिकेंतील उघड्या फोर्डला चालकाच्या बाजूस कित्येक वर्षें खरें दार नव्हतें, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठविलेला असे. कॅनडाच्या गाड्यांना दोन्ही बाजूंस उघडणारीं दारें असत, कारण तेथें डाव्या व उजव्या दोन्ही सुकाणूंच्या गाड्या बनत. आणि चौथी गोष्ट पुन्हा स्क्रूची. ऑन्टेरिओ प्रांतांतील पी. एल. रॉबर्टसन यांनीं चौकोनी खांचेच्या स्क्रूचें पेटंट १९०९ त घेतलें होतें, आणि कॅनडांत बांधलेल्या फोर्ड बॉड्यांत असले स्क्रू शेकड्यांनीं वापरले जात.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. येथील एखादा मालक मोठ्या निष्ठेनें अमेरिकन ग्रंथ मागवितो. त्यांतलें चित्र आणि आपली गाडी समोरासमोर ठेवतो. चौकोनी खांचेचे स्क्रू पाहून त्याला वाटतें, हे कोण्या अडाण्यानें घातलेले दिसतात. तो ते काढून सरळ खांचेचे नवे घालतो. चालकाकडचें दार त्याला संशयास्पद वाटतें. इंजिनावरचें 'सी' अक्षर त्याच्या यादींत नसतें. अशा रीतीनें 'कारखान्याप्रमाणें' करण्याच्या भरांत तो आपल्या गाडीचा कारखानाच बदलून टाकतो! शिवडी येथें १९२८ पासून जनरल मोटर्सची जी जुळणी चाले, तेथून निघालेल्या शेव्हरोले गाड्यांविषयींहि हाच इशारा लागू आहे. कोणत्या कारखान्याप्रमाणें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. आणि त्याचें उत्तर परदेशी ग्रंथांत नसून बहुधा घरच्या गाडीच्या गंजलेल्या पत्र्याखालीं असतें.

येथवर अज्ञानाची गोष्ट झाली. लबाडीची गोष्ट निराळी, आणि ती बहुधा क्रमांकांच्या आश्रयानें राहते. अमेरिकेंतील शेव्हरोले कॉर्व्हेट ही गाडी घ्या. तिच्या इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख अक्षरानें व आंकड्यांनीं उठलेली असते. जानेवारीस ए, फेब्रुवारीस बी, याप्रमाणें महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आंकडा. 'सी १ ७' म्हणजे १९६७ च्या मार्चची पहिली तारीख. इंजिन जुळल्यावर पुढच्या बाजूच्या एका सपाट पट्टीवर दुसरा ठसा ठोकीत : 'टी ०३१५ जेई' असा ठसा असेल तर टोनावांडा येथील कारखाना, मार्चची पंधरावी तारीख, आणि ४२७ घन इंचांचें, ४३५ अश्वशक्तीचें इंजिन. त्याच पट्टीवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आंकडे. ओतकाम आधीं, जुळणी नंतर, गाडी सर्वांत शेवटीं. हा क्रम उलटला कीं खोटेपणा उघड झाला. आणि हीं अंतरेंहि फार मोठीं असूं नयेत; भागाची तारीख गाडीच्या आधीं सहा महिन्यांच्या आंत असावी, असा संकेत पारखी मंडळी पाळतात. कुंडली जुळविणाऱ्या ज्योतिषालाहि इतकी गणितें करावीं लागत नसतील.

पैशाचा मोह किती असतो याची कल्पना यावी म्हणून एक आंकडा देतों. १९६७ सालीं 'एल ८८' या नांवाचें शर्यतीचें इंजिन घातलेल्या अवघ्या २० कॉर्व्हेट निघाल्या. त्यांतील एक जानेवारी २०१४ त अमेरिकेंतील लिलांवांत ३८ लक्ष ५० हजार डॉलरांस गेली. साधी कॉर्व्हेट आणि ही, यांत बाहेरून दिसणारा फरक फार थोडा. सर्व किंमत त्या दोन बोटें रुंदीच्या पट्टीवरील अक्षरांत. म्हणून पट्टी घांसावी, नवीं अक्षरें ठोकावीं, हा धंदा चालला. परंतु कारखान्यांत ती पट्टी ज्या यंत्रानें सपाट करीत त्याच्या पात्यानें तिच्यावर बारीक समांतर रेघा उठत. घांसणारानें पट्टी घांसली कीं त्या रेघा जातात, आणि अक्षरें कितीहि हुबेहुब ठोकलीं तरी खालची भूमि मुकी राहते. बनावट सनदेवर शिक्का बरोबर उठवावा आणि कागदाची जात चुकावी, तसाच हा प्रकार. अर्थात् लबाडहि शहाणे होतात. रेघाहि खोट्या उठवितां येतात, असें दिसून आलें आहे, आणि तेव्हांपासून पारखी अक्षरांमधील अंतरें भिंगाखालीं मोजूं लागले आहेत.

कॉर्व्हेटच्या जीर्णोद्धारासाठीं अमेरिकेंत १९७४ त जी संस्था निघाली तिची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. तिचे परीक्षक गाडी फार सुंदर केली तरी गुण कापतात. कारखान्यांतला कामगार घाईंत असे. रंगाचा फवारा जेथें पोंचूं नये तेथें पोंचे. चिकटवलेल्या कडा वेड्यावांकड्या राहत. खालच्या बाजूस रंगाचे ओघळ राहत. हे दोष गाडीचे होते आणि म्हणून ते राहिले पाहिजेत, आरशासारखी गुळगुळीत केलेली गाडी खोटी, असा तिचा दंडक. दंडक योग्यच आहे. परंतु निष्ठा फार झाली म्हणजे ती कोठवर जाते तेंहि पाहण्यासारखें आहे. कारखान्यांतला तपासनीस एखादा बोल्ट घट्ट आहे हें पाहून त्यावर खडूची किंवा रंगाची खूण करी. आतांचे जीर्णोद्धारक जुन्या गाड्यांवरून त्या खुणांचे नकाशे करतात आणि आपल्या गाडीवर त्याच जागीं तशीच खूण ओढतात. जी तपासणी झाली नाहीं तिची ही पावती! लबाडीचा हेतु नसेल, तरी इतिहासाच्या दृष्टीनें ही खूण आणि पट्टीवरील बनावट क्रमांक यांच्यांत अंतर किती उरतें, असा प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अस्सल म्हणजे काय, या प्रश्नावर एकदां न्यायासनालाच बोलावें लागलें. बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या नांवाच्या गाडीनें फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२९ त वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या हातून, आणि १९३० त बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांच्या हातून जिंकली. शर्यतीची गाडी ती. प्रत्येक हंगामांत तिचे भाग बदलत गेले. पुढें तिच्यांत आठ लिटरचें मोठें इंजिन बसविलें, आणि १९३२ च्या सप्टेंबरांत ब्रुकलंड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत ती कडेच्या उतारावरून बाहेर उडून तींत क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर बार्नाटोनें ती पुन्हा बांधवून रस्त्यावर चालविण्याजोगी केली. १९९० त या गाडीचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग घेणारानें हात आंखडला. जी गाडी ल मान्स जिंकली ती ही नव्हेच, असें त्याचें म्हणणें. लंडनच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञांनीं गाडीची हाडें मोजलीं. १९२९ च्या गाडीचें जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें, १९३० च्या गाडीचे किरकोळ भाग राहिले होते.

न्यायमूर्तींनीं केलेला शब्दांचा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ही गाडी मूळची म्हणतां येणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. परंतु तिची परंपरा मध्येंच कोठें तुटलेली नाहीं. जुने भाग गेले ते एकदम गेले नाहींत, नवे आले ते चालत्या गाडींत आले आणि तिच्यांत मुरले. याच नांवाचा दुसरा दावेदारहि नाहीं. सबब 'ओल्ड नंबर वन' म्हणवून घेण्याचा हक्क हिचाच. निकाल विकणाराच्या बाजूनें लागला. आमच्याकडे अहल्याबाईंनीं जीं देवालयें पुन्हा उभारलीं त्यांविषयीं भाविकाच्या मनांत असा संशय कधीं आला नाहीं. दगड नवे असले तरी पूजा खंडली नाहीं, एवढें त्याला पुरे होतें. तथापि न्यायालयाचा हा निकाल आम्हांस अर्धाच पटतो. नांवाचा वारसा परंपरेनें चालतो हें खरें; पण १९३० चा लोखंडकाम करणारा कसें काम करी, हें पाहण्यास ती गाडी उपयोगाची राहिली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मालकाला वारसा हवा असतो. अभ्यासकाला पुरावा हवा असतो. एकाच सौद्यांत दोन्ही मिळतीलच असें नाहीं.

पुराव्याची कदर हळूहळू वाढत आहे, याचीं कांहीं चिन्हें दिसतात. १९२५ ची एक बुगाटी गाडी स्वित्झर्लंडमधील असकोना गांवाजवळ माज्जोरे सरोवराच्या तळाशीं सुमारें पन्नास मीटर खोल अनेक दशकें पडून होती. ती २००९ च्या जुलैंत वर काढली. एक बाजू गंजून पार गेलेली. पुढल्या जानेवारींत पॅरिस येथें ती २ लक्ष ६० हजार ५०० युरोंना विकली गेली. आणि घेणाऱ्या अमेरिकन वस्तुसंग्रहालयानें तिचा जीर्णोद्धार न करतां, चिखलानें व पाण्यानें जशी केली होती तशीच ती लोकांपुढें मांडली. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें १९५० पासून जुन्या गाड्यांचें जें प्रसिद्ध प्रदर्शन भरतें, तेथें सर्वश्रेष्ठ मानाचें पारितोषिक बहुधा लखलखीत जीर्णोद्धारित गाडीस मिळे. २०२४ त तें प्रथमच जीर्णोद्धार न झालेल्या गाडीस मिळालें. ती १९३४ ची बुगाटी, एके काळीं बेल्जमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्या मालकीची. रंग ठिकठिकाणीं तडकलेला, कातडें फाटलेलें, आणि तरीहि, किंवा त्यामुळेंच, परीक्षकांस प्रिय.

सर्वच गाड्या अशा ठेवतां येणार नाहींत. पत्रा खाली गळून पडला असेल तर तो घालावाच लागेल, आणि चालणारी गाडी पाहण्याचा आनंद आम्हीहि नाकारीत नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१३ च्या सुमारास जी ट्यूरिनची सनद मान्य केली, तिचा आग्रहहि एवढाच आहे कीं शक्य तोंवर जुनें राखावें, जें बदलावें तें नोंदवावें, आणि नव्या भागावर तो नवा असल्याची टिकाऊ खूण करावी. आमच्या येथील हौशी मालकांस यांत खर्चाचें कांहींच नाहीं. गाडी उघडण्यापूर्वीं प्रत्येक बाजूचें छायाचित्र घ्यावें. रंग खरवडण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत, आसनाखालीं किंवा दाराच्या आंतल्या अंगास, हाताच्या तळव्याएवढी जागा तशीच सोडावी. सगळीं पुटें तेथें एकावर एक राहतील. आणि 'चुकीचे' म्हणून काढलेले भाग भंगारवाल्यास देऊं नयेत. ते चौकोनी खांचेचे स्क्रू बिस्किटांच्या एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत भरावे, आंत चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर लिहावें : उजव्या दारांतून काढले, अमुक तारीख, अमुक कारणास्तव.